बाहेर थंडीत उभ्या डस्ट कलेक्टरला स्प्रिंकलर: नवख्यांसाठी

डस्ट कलेक्टर म्हणजे कारखान्यातली धूळ पंख्याने ओढून फिल्टरच्या पिशव्यांत अडवणारं यंत्र. त्याला आगीसाठी स्प्रिंकलर बसवायचा तर आधी धूळ कसली ते बघा. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची असेल तर पाण्याचा विचारच सोडा. जळत्या धातूवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो. लाकडाच्या भुशाला मात्र पाणीच हवं.

मिनेसोटा (अमेरिका), ओंटारियो (कॅनडा) अशा कडक थंडीच्या ठिकाणी कलेक्टर शेडबाहेर असतो. कायम पाणी भरलेली पाइपलाइन ४ अंश सेल्सियसखाली चालत नाही. म्हणून ड्राय पाइप: व्हॉल्व्ह गरम खोलीत, पुढच्या पाइपात दाबाची हवा; हेड उघडून हवा गेली की व्हॉल्व्ह पाणी सोडतो. व्हॉल्व्ह कलेक्टरच्या शक्य तितका जवळ घ्या. पाइप लांबला की हवा बाहेर पडून पाणी पोचायला वेळ लागतो, आणि फिल्टरच्या पिशव्या तेवढी वाट बघत नाहीत. आग झपाट्याने पसरणारी असेल तर डेल्यूज बरं, म्हणजे सगळी नोझल कायम उघडी आणि पाणी एकदम सगळीकडून; पण त्याला आग ओळखून व्हॉल्व्ह उघडणारा वेगळा डिटेक्टर लागतो.

खरी गोची पाइपच्या उतारात होते. फांद्यांना (हेडं बसवलेल्या उपपाइपांना) मीटरमागे किमान ४ मिलिमीटर उतार हवाच. टेस्टनंतर खोलगट जागी वाटीभर पाणी राहिलं तरी पहिल्याच कडाक्यात तिथला एल्बो (पाइपचा कोपरा) फुटू शकतो. तिथे ड्रेन बसवा, थंडीआधी रिकामे करा. साधी लटकती हेडं (पाणी फवारणारी तोंडं) नकोत, त्यांच्या उतरत्या नळीत पाणी साचतं. उभी किंवा ड्राय पेंडंट (उतरत्या नळीत पाणी शिरू न देणारी लटकती) हेडं घ्या. पाइपात हवा भरणाऱ्या काँप्रेसरला एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा) हवाच.

पाणी सुटताच पंखा बंद पडला पाहिजे. हॉपरमध्ये (कलेक्टरच्या तळाच्या धूळ साठणाऱ्या नरसाळ्यात) घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन, तेव्हा कलेक्टरचे पाय आणि निचरा तपासून घ्या.

धुळीच्या स्फोटाला स्प्रिंकलर पुरत नाही. व्हेंट (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं) आणि आयसोलेशन (स्फोट पाइपातून पुढे जाऊ न देणारं) वेगळं.