घरच्या स्टिरिओला बेस कमी पडतो, बेस वाढवणारं यंत्र घ्यावं का?

तुमचा ४० वॅटचा ॲम्प्लिफायर, पाच इंची वूफरचे दोन स्पीकर, १२ हजारांचं बजेट, हे सगळं वाचलं. पण त्यात मध्येच तुम्ही लिहिलंय, "घर बदलल्यापासून बेस जाणवत नाही." त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. यंत्र घेऊ नका. निदान माझं पूर्ण वाचल्याशिवाय घेऊ नका.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार करा. खालचा मजला रिकामा करताना अण्णांनी आधी तंबोरा वर न्यायला लावला, मग ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, मग धान्य. दाजी कुपवाडहून मदतीला आले होते. त्या दोन दिवसांत त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते मी कधी विसरणार नाही, हे आधीच सांगतो. पाणी ओसरलं, गाळ काढला, भिंती वाळायला दिवाळी आली. सिस्टिम पुन्हा जोडली तीही दाजींनीच. जिन्याखालून डाव्या स्पीकरला जाणारी वायर मध्ये खराब झाली होती, तेवढा तुकडा कापून त्यांनी जॉइंट मारला आणि काळी टेप गुंडाळली.

अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तंबोऱ्याचा खरज गेला." खरज म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार. आणि वर म्हणाले, "गवई मध्ये बसत नाही, दोन्ही भिंतींतून येतोय." अण्णा तरुणपणी मिरजेत गाणं शिकलेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात होणारी संगीतसभा त्यांनी क्वचितच चुकवली असेल. घरचा तंबोरा सतारमेकर गल्लीतला, जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीवरची घडण, बिघडली की स्वतः घेऊन जाणार. असा माणूस खरज गेला म्हणतोय, आणि आम्ही काय म्हणालो? दाजी म्हणाले, स्पीकरला दमट हवा लागली. अक्का म्हणाली, अण्णांचं वय झालं. मी काहीच म्हणालो नाही. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयानुसार कान कमी होतो तो आधी वरच्या, बारीक आवाजांना. खरज शेवटपर्यंत टिकतो. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी मी ते बोललो नाही. अण्णांनी हळूहळू ऐकणंच सोडलं. दीड वर्ष त्या खोलीत सकाळी फक्त बातम्या लागायच्या.

मग २०२१ मध्ये दाजींनी मुंबईहून एक जुनं यंत्र आणलं. तुम्ही घेताय त्याच जातीचं. गाण्यातला साधारण ५० ते ११० हर्ट्झचा भाग उचलायचा आणि त्याच्या निम्म्या कंपनसंख्येचा नवा आवाज तयार करून खाली मिसळायचा, हे त्याचं काम. आता पुरुष गायकाचा काळी एक पट्टीत लावलेला तंबोरा घ्या. षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, खरज सुमारे ६९. यंत्र त्या ६९ खाली ३५ घालतं, म्हणजे खरजाच्या खाली आणखी एक सप्तक, जे कुठल्याच तारेवर नव्हतं. अण्णा खुर्चीतून उठून स्पीकरपाशी गेले आणि म्हणाले, "हा खरज कुणी जुळवलाय?"

दाजींना वाटलं अजून कमी पडतंय. त्यांनी नॉब वाढवला, तरी बेस येईना, मग अजून वाढवला. तिसऱ्या दिवशी उजव्या वूफरची कॉइल घासायला लागली. तबल्याचा बायाँ वाजला की खर्रर. असं का झालं तेही समजून घ्या, कारण तुमचे वूफर आमच्यापेक्षा लहान आहेत. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा तर कोनाला, म्हणजे वूफरच्या शंकूसारख्या पडद्याला, चौपट पुढेमागे हलावं लागतं. त्यात स्पीकरच्या डब्याला पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेलं भोक, असेल तर पोर्टच्या सुराखाली कोनाला मागून हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो. आणि १० डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट पॉवर. चार वॅटवर ऐकत असाल तर तुमचे ४० वॅट तिथेच संपले.

उजवा स्पीकर कॉइल बदलायला दिला. आठवडाभर घरात डावा एकटाच. एका संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तर अण्णा ऐकत बसलेले. दीड वर्षांनी. मला म्हणाले, "अरे, खरज आहे की!"

दोन स्पीकरला नसलेला बेस एका स्पीकरला कसा येतो? मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात आहे. मोटर उलटी फिरली की तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करणं हे आमचं रोजचं काम. तिथल्या तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ॲम्प्लिफायरच्या मागे लाल लालला, काळी काळीला. स्पीकरच्या मागेही बरोबर. जिन्याखाली जाऊन टेप सोडली. जॉइंट उलटा होता. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. खालचे सूर दोन्ही स्पीकरमधून जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे खोलीत ते एकमेकांना कापत होते. वरचे सूर तसे पूर्ण कापले जात नाहीत, ते फक्त विस्कटतात, म्हणून गवई भिंतीत गेलेला. आणि यंत्राने घातलेला नवा बेसही तसाच कापला जात होता. कानाला काही मिळत नव्हतं, कोन मात्र पूर्ण मार खात होता.

दाजी आजही म्हणतात की त्या यंत्रानेच स्पीकर "मोकळे" झाले. दाजी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. यंत्र तेव्हापासून माळ्यावर आहे आणि बेस खाली खोलीत आहे. जॉइंट कुणाकडूनही उलटा बसतो, जिन्याखाली वाकून तर नक्कीच. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की अण्णांचे कान गेले नव्हते, आणि हे त्यांच्यासमोर तुम्ही एकदा म्हणावं.

तर तुम्ही काय करा. एक स्पीकर काढून ऐका. बेस वाढला तर दुखणं वायरीत आहे. कुठल्याही एकाच स्पीकरच्या वायरी उलट करा, ज्या जोडणीत बेस जास्त ती बरोबर. ॲम्प्लिफायर बंद करूनच हात घाला.

वायरी बरोबर निघाल्या तर बसायची जागा तपासा. आपल्याकडच्या १० बाय १२ च्या खोलीत १० फुटांच्या बाजूचा घुमणारा सूर साधारण ५६ हर्ट्झ आणि १२ फुटांच्या बाजूचा ४७. खोलीच्या बरोबर मध्यावर हे दोन्ही जवळपास ऐकूच येत नाहीत, भिंतीला टेकलात तर नको एवढे येतात. छतही १० फुटांवर असेल तर ५६ दोनदा घुमतो. खुर्ची दीड-दोन फूट मागे सरकवा, स्पीकर भिंतीजवळ न्या. नव्या घरात सोफा मध्येच ठेवला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

यंत्र सगळीच वाईट असं मात्र नाही. दुसऱ्या जातीची असतात, ती खालचा सूर बनवतच नाहीत. त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे सूर, वाढवतात आणि मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. जवारी तंबोऱ्यात असंच काहीसं करते. लहान स्पीकरला ती सोसतात. रात्री हळू आवाजात ऐकत असाल तर ॲम्प्लिफायरवरचं लाउडनेसचं बटण दाबा, त्यासाठीच ते दिलेलं असतं. आवाज कमी केला की कानाला बेस जास्त कमी वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. नाचाची गाणी ऐकणार असाल आणि मोठा सबवूफर असेल तर दाजींच्या जातीचं यंत्रही चालेल. पण सबवूफर नसताना पाच इंची कोनावर ते लावू नका.

तुम्ही काय ऐकता ते लिहिलं नाहीत. आणि घरात आणखी कुणी ऐकणारं असेल, वयस्कर, तर त्यांना विचारा आवाज कुठून येतो. मध्ये कुणी नाही असं म्हणाले तर आजच्या आज वायरी बघा.