पुण्यात घरी ऐकायला जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर घ्यायचाय. कुठे मिळेल आणि दुरुस्तीला किती खर्च येईल?

कुठे मिळेल ते सोपं आहे. मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार नाहीतर रविवार, सकाळी लवकर. खर्चाचं नंतर बघू. आधी मशीनच्या मागची पट्टी वाचा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलं असेल तर सरळ पुढे चालू लागा. मी लागलो नाही, कारण मेहुणे.

वडिलांचा ग्रुंडिग कधीच भंगारात गेला होता. उरला होता एक स्पूल, १९६८ च्या गणपतीत आत्या घरी गायली होती त्याचा. तो ऐकायला म्हणून मेहुण्यांनी अमेरिकेहून जपानी डेक आणला. "ट्रान्सफॉर्मर लावला की झालं!" उघडलं तर आतल्या पट्ट्याचं डांबर झालेलं. पुलीवरचं निघालं, नखांतलं निघायला दोन दिवस लागले. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर काचेसारखं. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, पट्टा आणला, रोलर घासून खडबडीत केला, टेप वाचणारे हेड स्पिरिटने पुसले आणि आत्याला समोर बसवून टेप लावली.

अर्धा मिनिट ऐकून आत्या म्हणाली, "हा कोण बाप्या गातोय?"

मेहुणे म्हणाले, टेप जुनी, ताणली असेल. आत्याने पेटी ओढली आणि सूर शोधला. पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. "मी जन्मात काळी पाच सोडून गायले नाही," म्हणाली आणि उठून आत गेली.

भानगड अशी की त्या मोटरच्या फेऱ्या व्होल्टेजवर नाही, विजेच्या हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर ठरतात. आपल्याकडे ५०. म्हणजे साठाच्या जागी पन्नास, सगळंच सहाव्या हिश्शाने मंद आणि सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांहून जरा जास्तच खाली. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही! आणि टेप ताणल्याचं म्हणाल, तर स्पूल उजेडासमोर धरा. आमच्यातून उजेड आरपार येतो, म्हणजे ती ॲसिटेटची. ॲसिटेट ताणत नाही, कटकन तुटतं. ताणतं ते पॉलिएस्टर. हे मी मेहुण्यांना बारा वर्षं सांगतोय.

शेवटी भोसरीत एका लेथवाल्याकडून मोटरची पुली १.२ पट व्यासाची करून घेतली. आता आत्या काळी पाचातच गाते, आणि तबला रडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर मशीन स्वस्तात मिळतं, हेड घासलेले निघाले की महाग पडतं. हेडवर नख फिरवा, खाचेत अडकलं तर ठेवून द्या. विकणारा "चालू आहे" म्हणतो तेव्हा फक्त दिवा लागतो असं धरा. स्वतःची टेप घेऊन जा, पण घरातली एकुलती एक नको. टेपला व्हिनेगरचा वास येत असेल तर आधी ती डिजिटल करून घ्या, मशीनचे लाड मागाहून.

हो, सगळ्याच मशीनना हे लागू नाही. रेव्हॉक्स ए७७ सारख्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, त्यांना ५० काय नि ६० काय. काहींमध्ये दोन्हींची सोयही असते. आणि ११० चं मशीन असेल तर व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लागतोच. तेवढंच धरून मेहुणे अजून सांगत फिरतात की मशीन त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतंय.