रात्रीची पोळी कमी करताना
पोळी-भात कमी करायचाय ना? मग त्याजागी काय खाणार ते आधी ठरवा, नाहीतर दहा वाजता फरसाणाचा डबा उघडलाच म्हणून समजा. घाईच्या दिवशी पनीर भुर्जीसारखा आधार नाही. कांदा-मिरची परता, हळद टाका, 100 ग्रॅम पनीर कुस्करून घाला आणि दोन मिनिटांत गॅस बंद करा. जास्त परतलं की चिवट होतं. साधारण 18 ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यात सहाच, म्हणून ऑम्लेट तीन अंड्यांचं करा. मटकीची उसळ मलाही फार आवडते, पण तिच्यात कर्बोदकं बरीच. त्या रात्री भाकरी नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.