शेवटच्या फेरीचा सामना आणि घराच्या अनामतीचे पैसे

फ्रान्समधील ल्यों शहरात एका खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी तिकडे राहायला जाणार आहेत. एका खोलीची सध्याची जागा सोडून मोठे घर भाड्याने घ्यायचे आहे. अनामत, पहिले भाडे, दलाली, विमानाची तिकिटे आणि थोडे सामान मिळून ५,००० युरो लागतील. गाठीला ४,००० युरो आहेत आणि ते ‘लिव्रे आ’ या सरकारी हमीच्या बचत खात्यात आहेत. ही तूट भरून काढण्यासाठी फ्रेंच लीगच्या शेवटच्या फेरीतील एका सामन्यात यजमान संघावर १.६० या भावाने १,५०० युरो लावावेत, असे त्यांच्या मनात आहे. संघ जिंकला तर हातात २,४०० येतील, म्हणजे ९०० युरो फायदा होईल. टेलिग्रामवरील एका सशुल्क गटाने ही ‘पक्की’ टिप दिली असून तिचे समर्थन असे आहे की, यजमानांना युरोपीय स्पर्धेतील जागेसाठी विजय हवाच आहे आणि पाहुणा संघ गुणतक्त्याच्या तळाशी आहे. नाशिकचा धाकटा भाऊही ५०,००० रुपये पाठवून यात सामील व्हायला तयार आहे.

महोदय, सामन्यातील संघांची नावे मी मुद्दाम गाळली आहेत, कारण ती छापली तर माझे उत्तरही कुणीतरी उलटी टिप म्हणून वाचेल. माझा सल्ला आरंभीच सांगतो: हे १,५०० युरो लावू नयेत. मात्र ‘जुगार वाईट’ एवढ्यावर तुम्ही थांबणार नाही, हे पत्राच्या सुरावरून दिसते, आणि तुम्ही आकडे दिले आहेत तर उत्तरही आकड्यांनीच दिले पाहिजे.

तुम्ही यजमान विजय १.६०, बरोबरी ३.८० आणि पाहुण्यांचा विजय ४.७० असे तिन्ही भाव पाठवलेत, हे फार बरे झाले. एकाला प्रत्येक भावाने भागले की त्या भावात गृहीत धरलेली शक्यता मिळते. ती अनुक्रमे ६२.५, २६.३ आणि २१.३ टक्के येते. या तिन्हींची बेरीज १०० व्हायला हवी, ती ११० भरते. हे वरचे १० म्हणजे दुकानदाराचा, अर्थात पैज घेणाऱ्या कंपनीचा नफा, जो सामना सुरू होण्याआधीच भावात मिसळलेला असतो. तो वगळून पाहिले तर बाजाराच्याच मते यजमान जिंकण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के आहे. अशा १०० पैजा लावल्या तर ५७ वेळा २,४०० युरो मिळतील आणि ४३ वेळा काहीच मिळणार नाही. एका पैजेमागे सरासरी १,३६८ युरो परत येतील, म्हणजेच प्रत्येक वेळी १३२ युरो खिशातून जातील. तुम्हांला मात्र शंभर पैजा लावायच्या नाहीत, एकच लावायची आहे. तेव्हा सरासरी बाजूला ठेवून, पत्नीची तिकिटे काढण्याच्या महिन्यात १,५०० युरो नाहीसे होण्याची शक्यता ४३ टक्के आहे, एवढेच लक्षात घ्यावे.

यजमान जिंकतील की नाही, हा खरे तर या व्यवहारातील प्रश्नच नाही. ते जिंकण्याची शक्यता ६२.५ टक्क्यांहून अधिक आहे का, हा प्रश्न आहे. टिप देणाऱ्याने ‘जिंकतील’ असे म्हटले आहे. बाजाराने ती शक्यता कुठे कमी लेखली, याबद्दल तो एक अक्षरही बोललेला नाही. कांदा चांगला आहे म्हणून कोणत्याही दराने घ्यावा, असे लासलगावचा व्यापारी कधी म्हणत नाही. यजमानांची गरज, पाहुण्यांचे स्थान, दुखापती, घरचे मैदान या सगळ्या गोष्टी भाव लावणाऱ्यालाही ठाऊक असतात आणि त्या १.६० मध्ये आलेल्या असतात.

आता त्या समर्थनाकडे येतो, कारण हंगामाच्या अखेरीस प्रत्येक पूर्वावलोकनात ‘गरज’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तुमच्या सामन्याशी हुबेहूब जुळणारा एक सामना १७ मे २०२५ रोजी स्ट्रासबुर्ग येथे झाला. अठरा संघांच्या लीगमधील शेवटच्या फेरीचे नऊही सामने त्या रात्री एकाच वेळी सुरू झाले. स्ट्रासबुर्गचे गुण नीस आणि लील यांच्याइतकेच होते आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेत जागा मिळवण्याची आशा जिवंत होती. समोर ल हाव्र होता, जो खालच्या श्रेणीत घसरण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. यजमानांना विजय हवा होता, मैदान त्यांचे होते आणि तक्त्यातील अंतरही मोठे होते. ल हाव्रने तो सामना ३-२ असा जिंकला आणि निर्णायक गोल भरपाई वेळेच्या अगदी अखेरीस पेनल्टीवर झाला. आब्दुलाय तुरे या खेळाडूने तो चेंडू जोरात मारला नाही, तर गोलरक्षक बाजूला झेपावेल या हिशेबाने मधोमध अलगद उचलून टाकला. त्या एका हलक्या फटक्याने ल हाव्र वरच्या श्रेणीत राहिला आणि स्ट्रासबुर्ग सातव्या स्थानावर घसरला. गरज दोन्ही संघांना होती. टिप देणारा एकाच संघाची गरज मोजतो आणि तळाच्या संघाला अस्तित्वाची गरज असते, हे सोयीस्करपणे विसरतो.

याच हंगामाने उलट बाजूचा धडाही दिला होता. पॅरिस सेंट जर्मेनने ५ एप्रिललाच, सहा फेऱ्या शिल्लक असताना, विजेतेपद निश्चित केले. तोवर लीगमध्ये अपराजित असलेला हा संघ २५ एप्रिलला स्वतःच्या मैदानावर नीसकडून ३-१ असा आणि ३ मे रोजी स्ट्रासबुर्गमध्ये २-१ असा हरला. कारण उघड होते. २९ एप्रिल आणि ७ मे रोजी आर्सेनलविरुद्ध चॅम्पियन्स लीगचे उपांत्य सामने होते आणि मधल्या लीग सामन्यात प्रशिक्षकांनी प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली. त्याच संघाने ३१ मे रोजी अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० ने हरवले. हंगामाच्या अखेरीस गुणतक्ता जे सांगतो ते आणि त्या दिवशी मैदानात उतरणारे अकरा जण यांत असे अंतर पडते, आणि ते अकरा कोण हे सामन्याच्या सुमारे तासभर आधीच जाहीर होते. तुमची टिप चार दिवस आधी आलेली आहे.

तरीही घटकाभर मान्य करू की टिप देणारा खराच जाणकार आहे आणि शक्यता ५७ नव्हे, ६५ टक्के आहे. जाणकाराने किती लावावे यासाठी एक जुने सूत्र आहे. ते १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेतील जॉन केली यांनी मांडले आणि व्यावसायिक पैजवाले ते आजही वापरतात. त्यात तुमचे आकडे घातले तर उत्तर येते एकूण रकमेच्या ६.७ टक्के, म्हणजे ४,००० मधील सुमारे २६७ युरो. तुम्ही लावू पाहता ते ३७.५ टक्के आहेत. म्हणजे टिप बरोबर धरली तरी रक्कम साडेपाच पटीने चुकलेली आहे. शिवाय हे सूत्र हरले तरी चालेल अशा पैशांसाठी आहे. ज्या पैशांवर ऑगस्टची तारीख लिहिलेली आहे, त्यांना ते लागूच होत नाही.

तुम्ही सुचवलेला दुसरा पर्याय, तीन सामने एकाच पैजेत जोडून (तिन्ही निकाल बरोबर आले तरच पैसे) कमी पैशांत मोठी रक्कम मिळवण्याचा, याहून वाईट आहे. एका सामन्यात दुकानदार १०० मधील सुमारे ९१ परत देण्याच्या हिशेबाने भाव लावत असेल, तर तीन सामने गुंफल्यावर ते प्रमाण सुमारे ७५ वर येते, कारण त्याचा नफाही प्रत्येक वेळी गुणला जातो. फ्रान्समध्ये ऑनलाइन पैजा १२ मे २०१० च्या कायद्याने खुल्या झाल्या, आणि कंपन्यांनी खेळणाऱ्यांना सरासरीने जास्तीत जास्त ८५ टक्केच परत द्यावेत, अशी मर्यादा तेथील नियमांत आहे. खेळणाऱ्याला जास्त मिळाले तर त्याची ओढ वाढेल, असा त्यामागचा विचार आहे. तो पटो वा न पटो, ज्या बाजारात सरासरी परतावा कायद्यानेच शंभराच्या बराच खाली बांधून ठेवला आहे, तिथे तूट भरून काढायला जाणे हे आर्थिक नियोजन म्हणता येणार नाही. कमाई करमुक्त आहे हे खरे, पण सरासरीने जिथे तोटाच आहे तिथे करमुक्तीचा उपयोग काय? करमुक्त तर ‘लिव्रे आ’चे व्याजही आहे. त्याचा दर २०२५ मध्ये आधी २.४ आणि ऑगस्टपासून १.७ टक्क्यांवर उतरला. २०२५ मधील त्या १.७ टक्के दराने ४,००० युरोंवर वर्षाला ६८ युरो होत, ही किरकोळ रक्कम आहे, ही तुमची तक्रार मान्य. पण ते खाते पैसा वाढवण्यासाठी नसून ऑगस्टमध्ये तो जागेवर सापडावा यासाठी आहे.

टिप देणाऱ्या गटाबद्दल फार लिहीत नाही. जिंकलेल्या पावत्यांची चित्रे पाहू नका. मागील शंभर टिपा तारीख, दिलेला भाव आणि निकाल यांसह ओळीने मागा. त्या मिळणार नाहीत, आणि मिळाल्या तरी त्यात हरलेल्या टिपा शोधाव्या लागतील. असे गट बहुधा वर्गणीवर आणि पैज कंपनीकडे नवे खातेदार पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यावर चालतात. तुम्ही जिंकलात काय आणि हरलात काय, त्यांना फरक पडत नाही.

धाकट्या भावाचे ५०,००० रुपये हा मुद्दा मात्र निव्वळ शहाणपणाचा नाही, कायद्याचा आहे. परकीय चलन व्यवस्थापन (चालू खाते व्यवहार) नियम, २००० यांच्या पहिल्या परिशिष्टात भारतातून ज्या कारणांसाठी पैसे पाठवण्यास पूर्ण मनाई आहे, त्यांत लॉटरीच्या तिकिटांसोबत फुटबॉलवरील पैजा (‘फुटबॉल पूल्स’) नावानिशी नोंदवलेल्या आहेत. बँकेत पैसे पाठवताना कारण लिहून द्यावे लागते. तिथे ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ असे लिहून पैसे पैजेत गेले, तर खोटी माहिती दिल्याचा दोष भावावर येईल, तुमच्यावर नव्हे. ‘मग मी इथूनच ॲपवर लावतो’ असे तो म्हणाला, तर त्याला सांगावे की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर आणि बँकांनी त्यांचे व्यवहार हाताळण्यावर बंदी आणली आहे. जे परदेशी ॲप तरीही चालते, त्यात अडकलेले पैसे मागायला कुठे जाणार?

पत्रासोबतच्या तुमच्या हिशेबाच्या तक्त्यात दोन गोष्टी माझ्या नजरेत भरल्या. मे महिन्याच्या ‘येणे’ रकान्यात, पगाराच्या खालच्या ओळीत, ‘सामना: ९००’ असे तुम्ही आधीच लिहून ठेवले आहे आणि जुलैची शिल्लक तीच रक्कम धरून काढली आहे. हातात न आलेला पैसा असा हिशेबात शिरला की त्याच्या भरवशावर खर्चही ठरू लागतो. त्या तक्त्यात सामानाची रक्कम नेमकी दोनशे युरोंनी वाढलेली दिसते. दुसरी गोष्ट ‘जाणे’ रकान्यातली: मार्चपासून दहा-वीस युरोंच्या पैजांत १८० युरो गेले आहेत. वीसवरून एकदम पंधराशेवर जाण्यामागे त्या १८० ची खंत कितपत आहे, हे तुम्हीच ठरवू शकाल. फ्रान्समध्ये पैजेचे खाते उघडताना पैसे भरण्याची आणि लावण्याची आपली मर्यादा स्वतः ठरवावी लागते. ती आज तपासून खाली आणा. गरज वाटली, तर तेथील नियामक संस्थेकडे नाव नोंदवून किमान तीन वर्षांसाठी स्वतःला खेळातून बाहेर ठेवता येते. तुम्हांला ते लागेल असे पत्रावरून वाटत नाही, तरी सोय माहीत असावी.

राहता राहिली १,००० युरोंची तूट. ती वाटते तितकी अवघड नाही, आणि म्हणूनच तिच्यासाठी पैज लावणे मला खटकते. विनासामान घर भाड्याने घेतले तर अनामत म्हणून घरमालक एका महिन्याच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागू शकत नाही. सामानासह घेतले तर ही मर्यादा दोन महिन्यांची आहे. तुम्ही १,००० युरो भाड्याचे घर पाहता आहात आणि तक्त्यात अनामतही १,००० धरली आहे, म्हणजे हिशेब बरोबर आहे. खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांसाठी ‘आक्स्यों लोजमाँ’ ही संस्था नेमक्या याच अनामतीसाठी १,२०० युरोंपर्यंत बिनव्याजी रक्कम आगाऊ देते आणि ती जास्तीत जास्त २५ महिन्यांत फेडायची असते. त्या योजनेचे नाव ‘लोका-पास’. १,००० युरो घेतले तर महिन्याला ४० युरोंचा हप्ता पडेल, जो मार्चपासून दरमहा पैजांत गेलेल्या पैशांहूनही कमी आहे. घर बदलताना जुन्या जागेची अनामत परत येईल, ती तुमच्या तक्त्यात कुठेच नाही. जागेचे नुकसान नसेल तर किल्ल्या दिल्यापासून एका महिन्यात ती मिळायला हवी. आगमनाच्या दिवशीच सगळे सामान नवे घेण्याची गरज आहे का, तेही पत्नीशी बोलून पाहावे.

सामना जरूर पाहावा. दहा युरो लावल्याशिवाय तो रंगत नसेल, तर ते दहा युरो करमणुकीच्या ओळीत, चित्रपटाच्या तिकिटाशेजारी लिहावेत आणि ‘येणे’ रकान्यातील ती ९०० ची नोंद आजच खोडावी. तिच्या जागी ‘लोका-पास’ची रक्कम लिहा, तीही अर्ज मंजूर झाल्यावरच. पात्रतेच्या अटी अर्जापूर्वी त्या संस्थेकडे तपासून घ्याव्यात, भाडेकराराची प्रत हाती येताच अर्ज करावा आणि नोकरीचा दाखला व अलीकडच्या पगाराच्या पावत्या कंपनीकडून जूनमध्येच मागून ठेवाव्यात, कारण ऑगस्टमध्ये फ्रान्समधील बरीच कार्यालये सुट्टीवर असतात.