सोशल सिक्युरिटी नंबर नाही, मग ईआयएन कसा?

प्रश्न : मी अमेरिकेचा रहिवासी नाही, त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर (तिथल्या सरकारचा वैयक्तिक ओळखक्रमांक) नाही. डेलावेअरमध्ये माझी एकट्याची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) आहे. एजंट म्हणतो, आधी वैयक्तिक करक्रमांक काढा, मगच ईआयएन (कंपनीचा करक्रमांक) मिळेल. खरं का?

उत्तर : नाही. त्या कामात उगाच महिने घालवू नका. ईआयएनसाठी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचा, एसएस-४ हा फॉर्म लागतो. त्यात ७बी या रकान्यात जबाबदार व्यक्तीचा, म्हणजे इथे तुमचा, वैयक्तिक क्रमांक विचारतात. तुमच्याकडे तो नाही, म्हणून तिथे ‘फॉरेन’ लिहा. रिकामा सोडू नका. मी पहिल्यांदा तो कोरा ठेवला आणि अर्ज परत आला, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

तुम्हाला ऑनलाइन अर्ज करता येणार नाही; फॅक्स, टपाल किंवा फोन हेच मार्ग. फोन परदेशी अर्जदारांसाठीच्या वेगळ्या क्रमांकावर करायचा. मी भरलेला फॉर्म समोर ठेवून बसले होते. पलीकडच्या बाईंनी एकेक रकाना विचारला, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग दोनदा म्हणवून घेतलं आणि शेवटी नऊ आकडे सांगितले. ते मी फॉर्मच्याच कोपऱ्यात लिहिले. आयआरएस यासाठी एक पैसाही घेत नाही.

नंतर टपालाने येणारं, ईआयएन दिल्याचं सीपी ५७५ हे पत्र जपून ठेवा, बँक तेच मागते.

आणि एक, हे एजंट सहसा सांगत नाहीत : तुमचे आणि कंपनीचे आपसात व्यवहार झाले, अगदी तुम्ही घातलेलं भांडवलसुद्धा, तर त्या वर्षासाठी आयआरएसकडे फॉर्म ५४७२ भरावा लागतो. चुकलात तर दंड २५,००० डॉलर.