घोडा काढून टाक

प्रिय,

सलाम. भाषणाचा मसुदा मिळाला. 25 जानेवारीला, पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, तरुण संघाने तुला बोलायला उभं केलं याचा आनंद आहे. मसुद्यावर लाल पेनाने बरंच गिरवलंय, रागावू नकोस.

आधी तो घोडा काढून टाक. येशूच्या अनुयायांना पकडायला निघालेला शौल, म्हणजेच पौल, दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाशाने दिपून खाली पडतो, ही घटना बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीनदा सांगितली आहे, 9, 22 आणि 26 या अध्यायांत. घोडा एकाही ठिकाणी नाही. तो आणला चित्रकारांनी. इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या रोममधल्या प्रसिद्ध चित्रात तर घोड्यानेच बहुतेक जागा अडवली आहे आणि पौल बिचारा खाली जमिनीवर. ‘शौलाचा पौल झाला’ हेही काढ. दिमिष्कच्या वाटेवर त्याचं नाव बदललं नाही. पुढे तेराव्या अध्यायात, कुप्र (सायप्रस) बेटावर असताना, याला पौलही म्हणत असा सहज उल्लेख येतो, इतकंच. त्या काळच्या अनेक यहूद्यांना एक घरचं आणि एक रोमी जगातलं अशी दोन नावं असत.

आता महत्त्वाचं. तू त्याला ‘गुंड’ म्हटलं आहेस. गुंडाचं मन बदललं तर त्यात ऐकणाऱ्याला धोका वाटत नाही, आपण कुठे गुंड आहोत! शौल शिकलेला, कडक परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा), नियमशास्त्राला जिवापाड जपणारा होता. खांबावर टांगलेला माणूस शापित, असं शास्त्रात लिहिलेलं, आणि येशूचे अनुयायी अशाच एकाला, क्रुसावर मेलेल्या येशूला, मशीहा म्हणत होते. त्याला ते सहन झालं नाही. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाली तेव्हा साक्षीदारांनी आपली वस्त्रं याच्या पायांशी ठेवली होती आणि त्या वधाला याची संमती होती. मग घरोघर शिरून बायाबापड्यांना ओढून तुरुंगात टाकणं, मुख्य याजकाकडून पत्रं घेऊन थेट दिमिष्क गाठणं, हे सगळं त्याने देवाचं काम म्हणून केलं. फिलिप्पैकरांच्या पत्रात स्वतःच्या आवेशाचा पुरावा म्हणून तो मंडळीच्या छळाचंच नाव घेतो. आणि ‘यहूदी धर्म सोडून ख्रिस्ती झाला’ असंही म्हणू नकोस. आपण इस्राएलाच्या देवाला सोडलं असं त्याला कधीच वाटलं नाही. ‘ख्रिस्ती’ हे नावसुद्धा शिष्यांना पुढे अंत्युखियात मिळालं.

प्रकाशावर तू दोन पानं खर्च केलीस आणि दिमिष्कमधला शिष्य हनन्या याला दीड ओळ. हे उलटं कर. शौल तीन दिवस आंधळा, अन्नपाण्याशिवाय, ‘नीट’ नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी बसला आहे. तो रस्ता जुन्या दिमिष्कमध्ये आजही आहे. हनन्याला दर्शनात तिथे जायची आज्ञा होते आणि तो प्रभूशी चक्क वाद घालतो: या माणसाने यरुशलेमात काय काय केलंय ते मी ऐकलंय, आणि इथेही बांधून न्यायचा अधिकार घेऊन आलाय. बांधून न्यायच्या माणसांत हनन्या स्वतःही असू शकत होता. तरी तो जातो, आंधळ्याच्या अंगावर हात ठेवतो आणि पहिला शब्द उच्चारतो, ‘शौल भाऊ’. मग डोळ्यांवरून खपल्यांसारखं काही गळतं, बाप्तिस्मा होतो, आणि माणूस जेवतो. इथे थोडं थांब. घाई करू नकोस.

पौल स्वतः गलतीकरांना (गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना) पत्रात हीच हकिकत लिहितो तेव्हा ना प्रकाश, ना हनन्या. आपलं प्रेषितपण माणसांकडून मिळालेलं नाही हे त्याला तिथे ठासून सांगायचं होतं, म्हणून ते समजतं. मला तरी हनन्याचं असं गळून पडणं खुपतं. पण त्याच पत्रात असं काही आहे जे कृत्यांत नाही. तो आधी अरबस्तानात गेला, परत दिमिष्कला आला, आणि तीन वर्षांनी यरुशलेमात केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, 15 दिवस राहिला. मग सूरिया आणि किलिकिया प्रांतांत गेला. यरुशलेमात पुन्हा जाणं थेट 14 वर्षांनी. दिमिष्कमधून तर तो तटावरून पाटीत बसून निसटला होता, कारण अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने नगरावर पहारा बसवला होता. अरीतास इ. स. 40 च्या सुमारास वारला, म्हणजे हे त्याआधीचं. त्याची आपल्या हातातली पत्रं सन 50 च्या आसपास सुरू होतात. मधली कितीतरी वर्षं जवळजवळ रिकामी आहेत. तुझ्या मसुद्यात मात्र तो सोमवारी पडतो आणि मंगळवारी जग जिंकायला निघतो.

यरुशलेमचे शिष्य त्याला घाबरले, त्यांचा विश्वासच बसेना. त्यांच्यातल्याच बर्णबाने हाताला धरून आत नेलं, आणि पुढे तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं तेही बर्णबानेच. घाबरणाऱ्यांना अल्पविश्वासी म्हणून मोकळी होऊ नकोस. ज्यांची माणसं यानेच तुरुंगात घातली, त्यांनी पंक्तीला शेजारी बसवून घ्यायला वेळ घेतला तर त्यात नवल काय?

भाषणानंतर कुणीतरी नक्की विचारेल की नवव्या अध्यायात सोबत्यांनी वाणी ऐकली आणि बाविसाव्यात ऐकली नाही, असं कसं? ओढूनताणून जुळवू नकोस. दोन्ही वचनं वाचून दाखव आणि फरक आहे हे मान्य कर. आपले पाळकसाहेब समजूतदार आहेत, काही म्हणणार नाहीत.

शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला सांगून ‘तुमचं दिमिष्क कोणतं?’ विचारायचा बेत आहे तुझा. ते नको. आपल्या संघातली निम्मी मुलं संडे स्कूलमध्येच वाढली आहेत, ती उगाच स्वतःला कमी समजतील, नाहीतर साक्ष देताना तिखटमीठ लावतील. त्याऐवजी गलतीकरांच्या पहिल्या अध्यायातला शेवटचा उतारा कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे आणि प्रार्थना कर.

शनिवारी संध्याकाळी ये, एकदा म्हणून दाखव. घड्याळ मी लावतो.

तुझा,
काका