मोठ्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी लिनक्स: सुरुवात ह्यूज पेजेसपासून करा

स्वॅपिनेसचा (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवण्याची कर्नलची तयारी) आकडा नंतर बघा, आधी पेज टेबल (मेमरीचं कोणतं पान रॅममध्ये कुठे आहे, याची प्रत्येक प्रोसेसची नोंदवही) बघा. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची सामायिक कॅश) ३२ जीबी आणि पान ४ केबीचं असेल, तर सगळे बफर वाचून झालेल्या एकेका कनेक्शनच्या प्रोसेसचं पेज टेबल ६४ एमबीपर्यंत जातं. अशी ५०० कनेक्शनं म्हणजे जवळपास आणखी ३२ जीबी, आणि टॉप या कमांडमध्ये हे दिसतच नाही! प्रॉक-मेमइन्फो या फाइलमधली पेजटेबल्सची ओळ तपासा.

उपाय: २ एमबीची ह्यूज पेजेस, म्हणजे मोठी पानं. ३२ जीबीला १६,३८४ लागतात, पण इतर शेअर्ड मेमरीमुळे थोडी जास्त राखा. पोस्टग्रेस १५ पासून नेमका आकडा सर्व्हरच सांगतो. ह्यूज पेजेसचं सेटिंग 'ट्राय'वर ठेवलंत तर पानं कमी पडल्यावर तो गुपचूप साध्या पानांवर जातो, म्हणून 'ऑन' ठेवा. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस (कर्नल आपोआप बनवतं ती मोठी पानं) ही वेगळी गोष्ट. ती बंद करा.

ओव्हरकमिट २ (ठरावीक मर्यादेपलीकडे मेमरी द्यायला कर्नलची मनाई) करताना जपून. मर्यादा मोजताना ह्यूज पेजेस एकूण रॅममधून वजा होतात आणि मूळ प्रमाण उरलेल्या रॅमच्या ५० टक्केच असतं, त्यामुळे रॅम मोकळी असूनही 'आउट ऑफ मेमरी' येतं. प्रमाण ८०च्या आसपास न्या.

स्वॅपिनेस १ पुरे.